सेल्युलर (हनीकॉम्ब) शेड्स: निवड, मापं, बसवणं आणि हिवाळ्यात काचेवर धरणारं पाणी

पश्चिमरंग
मंडळी, खिडक्यांच्या सेल्युलर शेड्सबद्दल (मधमाशीच्या पोळ्यासारख्या नळ्यांचे कापडी पडदे) नेमका सल्ला हवा आहे. घर मिनियापोलिसच्या उपनगरात, टाउनहाऊस. काचा दुहेरी, लो-ई (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेल्या). खिडकीचा कोनाडा (जँब) साधारण सव्वातीन इंच खोल. बेडरूमच्या दोन खिडक्या पश्चिमेला, लिव्हिंगरूमची मोठी खिडकी दक्षिणेला, स्वयंपाकघरात सिंकच्या वर एक, आणि डेककडे जाणारं सरकतं काचेचं दार. सध्या बिल्डरने लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आहेत. जानेवारीत खिडकीशेजारी बसवत नाही आणि जुलैत संध्याकाळी बेडरूम तापते.

प्रश्न असे: सिंगल सेल की डबल? ब्लॅकआउट (उजेड पूर्ण अडवणारं कापड) सगळीकडे घ्यावं का? चौकटीच्या आत बसवावं की बाहेर? वरूनही उघडणारे घेण्यात अर्थ आहे का? आणि या शेड्स लावल्या की थंडीत काचेवर पाणी धरतं असं ऐकलं, ते खरं का?

ऊर्जाभान
पाणी धरतं, खरं आहे. त्यावर सविस्तर कोणीतरी लिहीलच. आधी ही शेड काम कशी करते ते.

कापडाच्या दोन थरांमध्ये षट्कोनी नळ्या तयार होतात आणि त्यांत हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते, एवढंच त्यामागचं तत्त्व. ही रचना सत्तरच्या दशकातल्या इंधनटंचाईनंतरच्या विचारातून आली आणि १९८५ मध्ये हंटर डग्लसने 'ड्युएट' नावाने बाजारात आणली. आता डझनभर कंपन्या बनवतात.

सिंगल सेलमध्ये नळ्यांची एक रांग, डबलमध्ये एकामागे एक दोन. सेलचं माप ३/८, १/२, ९/१६ किंवा ३/४ इंच असतं. छोट्या खिडकीला ३/८ शोभतं, पाच फुटांपेक्षा उंच खिडकीला ३/४ बरं, कारण घड्या कमी पडतात आणि वर गोळा केल्यावर गठ्ठा लहान होतो. डबल सेल सिंगलपेक्षा जास्त ऊब धरतो, पण दुप्पट नाही. सिंगलवरून डबलला जाण्यात जेवढे पैसे जातात तेवढेच कडा बंद करण्यात घातले तर फायदा जास्त होतो.

कारण असं. शेड आणि काच यांच्यामधली हवा थंड होते, जड होते आणि खाली उतरते. खाली फट असेल तर ती खोलीत, नेमकी तुमच्या पायांवर येते. वरच्या फटीतून खोलीतली गरम हवा तिच्या जागी आत शिरते. हे चक्र रात्रभर चालतं. मधलं कापड कितीही चांगलं असलं तरी कडेने हवा फिरत असेल तर निम्मं काम वाया जातं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेले आकडे (हिवाळ्यात खिडकीतून जाणारी उष्णता ४० टक्के किंवा त्याहून जास्त कमी, उन्हाळ्यात उन्हाची उष्णताही बरीच कमी) 'घट्ट बसवलेल्या' शेडचे आहेत. जाहिरातीत आकडा छापतात, ही अट गाळतात.

अजून एक. जाहिरातीत आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) दिसली की ती नुसत्या शेडची की काच धरून, हे विचाराच. काच धरून दिलेला आकडा अर्थातच मोठा दिसतो. त्यापेक्षा एईआरसीचं (शेड्सना ऊर्जाबचतीचे गुण देणारी अमेरिकी संस्था) लेबल पाहावं. त्यावर थंड हवामान आणि उष्ण हवामान यांसाठी वेगवेगळे गुण असतात. तुम्ही मिनेसोटात आहात, थंड हवामानाचा गुण बघा.

इंचटेप
मापं चुकली तर बाकी सगळी चर्चा फुकट, म्हणून आधी मापं.

स्टीलची टेप घ्या, कापडी नको. चौकटीच्या आत बसवायची असेल तर रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. सर्वांत कमी येईल ती लिहा, १/८ इंचापर्यंत नेमकी. समजा ३५ १/४, ३५ १/८ आणि ३५ ३/८ आली, तर फॉर्मवर ३५ १/८. स्वतः काही वजा करू नका. कारखाना स्वतःच पाव ते अर्धा इंच कापतो. तुम्हीही कापलंत की दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते, आणि ही चूक सगळ्यांत जास्त होते.

उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजा आणि सर्वांत जास्त असेल ती द्या, म्हणजे शेड सगळीकडे खिडकीच्या खालच्या कट्ट्याला टेकेल. (काही कंपन्या फॉर्मवर वेगळं मागतात. फॉर्मचं ऐका.)

मग दोन्ही कर्ण मोजा. फरक अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर चौकट काटकोनात नाही. अशा चौकटीत आत बसवलेली शेड एका बाजूला घासते आणि दुसऱ्या बाजूला उजेड सोडते. तिथे बाहेरून बसवा: दोन्ही बाजूंना किमान २-३ इंच जास्त आणि वर ३ इंच.

कोनाड्याची खोली: नुसतं बसायला बहुतेक सिंगल सेलना पाऊण ते दीड इंच सपाट जागा लागते, पूर्ण आत लपायला अडीच-तीन इंच. तुमच्या सव्वातीन इंचांत डबल सेलही बसेल. मात्र खिडकी कशी उघडते? फिरवायचा दांडा असेल तर तो किती पुढे येतो ते मोजा.

पश्चिमरंग
बेडरूमच्या दोन्ही दांड्याच्या आहेत (केसमेंट). दांडा चौकटीच्या आत साधारण दीड इंच येतो.

इंचटेप
मग शेड दांड्याच्या पुढून खाली आली पाहिजे, म्हणजे शेड अडकवायचं ब्रॅकेट जितकं पुढे लावता येईल तितकं. कापड दांड्यावर रोज घासलं की त्या एकाच जागी घडी मोडते आणि पुढे फाटते. हार्डवेअरच्या दुकानात दुमडणारा दांडा किंवा बुटकी टी-आकाराची मूठ मिळते. खिडकी बनवणाऱ्या कंपनीचं नाव बहुधा बिजागरीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात असतं, ते बघून मूठ आणा. आतले दाते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. मूठ आधी बदला, मग शेडचं माप घ्या.

दहाहजारतळी
आता पाण्याचं. मिनेसोटात राहणाऱ्याने हे समजून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून कारण कळतं. बाहेर ० फॅरनहाइट, आत ७० आणि दुहेरी लो-ई काच धरा. शेड उघडी असेल तर काचेच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान मध्यभागी ५५-५६ च्या आसपास राहतं. आता आर-२ ची भर घालणारी शेड घट्ट बंद करा. खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचतच नाही, आणि तोच पृष्ठभाग ३५ पर्यंत उतरतो. काचेच्या खालच्या कडेला त्याहून खाली.

आता हवेतलं बाष्प. आत ७० अंशांवर आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं) ४५ च्या आसपास. ३० टक्के असेल तर ३७. २५ टक्के असेल तर साधारण ३२-३३. म्हणजे शेड उघडी असताना ४० टक्क्यांनाही काच कोरडी, आणि शेड बंद केल्यावर ३० टक्क्यांनाही ओली. शेड जितकी चांगली तितकी काच गार, हे टाळता येत नाही. शेड सदोष आहे असा याचा अर्थ नव्हे.

उपाय दोन्ही बाजूंनी करायचा.

घरातली आर्द्रता बाहेरच्या तापमानानुसार उतरवायची. इथे सर्वसाधारण वापरली जाणारी पट्टी अशी: बाहेर २० ते ४० असेल तर आत जास्तीत जास्त ४० टक्के, १० ते २० ला ३५, ० ते १० ला ३०, उणे १० ते ० ला २५, आणि त्याखाली २० किंवा कमी. ही पट्टी उघड्या काचेसाठी आहे. शेड घट्ट बंद ठेवणार असाल तर एक पायरी खालीच राहा. फर्नेसला (घर तापवणारी भट्टी) जोडलेला ह्युमिडिफायर असेल तर त्याची चकती नोव्हेंबरात एकदा लावून विसरायची नाही. आणि दहा-पंधरा डॉलर्सचा आर्द्रतामापक बेडरूममध्ये ठेवा, कारण रात्री दोन माणसं दार लावून झोपली की तिथली आर्द्रता हॉलपेक्षा वर असते.

दुसरं म्हणजे कडाक्याच्या रात्री शेड कट्ट्यापासून इंच-दीड इंच वर ठेवा. थोडी ऊब जाते, पण काचेच्या खालच्या कडेला, जिथे पाणी आधी जमतं, तिथे हवा लागते. सकाळी उठल्यावर शेड पूर्ण वर घ्या, किमान तासभर. काच सुकते. लाकडी कट्ट्यावर पाणी साचलं असेल तर तेव्हाच पुसा. सिलिकॉनच्या कडेला काळे ठिपके दिसू लागले की बुरशी सुरू झाली आहे, आणि पाणी वॉर्निशच्या खाली शिरलं तर लाकूड काळं पडतं. तो डाग पुन्हा घासून रंगवल्याशिवाय जात नाही.

घरटं
अतिशय उपयोगी. यात भर: स्वयंपाक आणि आंघोळ. कुकरच्या शिट्ट्या, डाळ-भात, चहा, हे सगळं बाष्प काचेवर जातं. चुलीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर सोडतो की गाळून परत घरातच फेकतो ते तपासा. पुष्कळ टाउनहाऊसमध्ये मायक्रोवेव्हचा पंखा घरातच हवा फिरवतो. तसं असेल तर स्वयंपाक करताना बाथरूमचा पंखा तरी चालू ठेवा.

आणि सिंकच्या वरच्या खिडकीला सेल्युलर शेड लावू नका. फोडणीचा तेलकट धूर कापडावर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि ती नळीच्या आतल्या बाजूने पुसता येत नाही. हळदीचा शिंतोडा तर कायमचा. तिथे पुसता येणारी रोलर शेड किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या बऱ्या.

पश्चिमरंग
म्हणजे सिंकवर रोलर. ठरलं. ब्लॅकआउटबद्दल कोणी सांगेल का? दुकानदार म्हणतो सगळ्या खोल्यांत ब्लॅकआउटच घ्या, ऊब जास्त धरते.

ऊर्जाभान
ऊब थोडी जास्त धरते हे खरं, कारण नळीच्या आत धातूचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा असतो. पण दक्षिणेच्या लिव्हिंगरूममध्ये त्याचा उपयोग काय? तिथे हिवाळ्यात दिवसा शेड वरच असायला हवी. दक्षिणेचं ऊन फुकटचा हीटर आहे. सकाळी उघडा, सूर्य मावळताना बंद करा. ब्लॅकआउट आणि लाइट फिल्टरिंग (उजेड गाळून आत सोडणारं कापड) यांतल्या फरकापेक्षा ही रोजची उघडझाप जास्त वाचवते. शेड दिवसरात्र एकाच जागी ठेवली तर तिचा निम्मा फायदा गेला म्हणून समजा, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच होतं.

ब्लॅकआउट फक्त बेडरूमला. त्यातही तीन गोष्टी लक्षात घ्या. कापड कडक असल्यामुळे वर-खाली करताना कुरकुर आवाज येतो. गठ्ठा जाड होतो. आणि आतून जाणाऱ्या दोऱ्यांसाठी पाडलेल्या भोकांतून उजेडाचे टिपके दिसतात, पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी जास्तच. नमुना मागवताना कापडाचा तुकडा नुसता हातात घेऊन बघू नका, काचेवर दाबून धरा आणि मागून ऊन येऊ द्या.

पश्चिमेच्या उन्हासाठी रस्त्याकडची बाजू पांढरी हवी. ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, तेव्हा शेडने ते परत काचेतूनच बाहेर फेकलं पाहिजे. गडद रंग ते शोषतो, तापतो आणि खोलीत सोडतो. बहुतेक कंपन्या आतून कोणताही रंग आणि बाहेरून पांढरा देतात. टाउनहाऊसच्या असोसिएशनचाही बहुधा हाच नियम असतो.

स्क्रूड्रायव्हर
पांढऱ्या पाठीला अनुमोदन. एक सावधगिरी: उन्हाळ्यात घट्ट बंद शेड आणि काच यांच्यामध्ये हवा खूप तापते. काचेला अगदी चिकटून शेड असेल तर काचेचा मधला भाग गरम आणि चौकटीतली कड गार, असा ताण येतो. काचेपासून दोनेक इंच सुटे ठेवा. खिडक्यांच्या वॉरंटीच्या कागदात आतल्या पडद्यांबद्दल अट असते, ती वाचून घ्या.

बसवण्याबद्दल लिहितो.

साहित्य: ड्रिल, ५/६४ इंचाचा बिट, लेव्हल, पेन्सिल, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. ब्रॅकेट दोन्ही टोकांपासून २-३ इंच आत. रुंदी चार फुटांच्या पुढे गेली की मध्ये तिसरं. हेडरेल (शेडची वरची पट्टी) उलटी करून बघा: दोऱ्या जिथून खाली उतरतात आणि स्प्रिंगची पेटी जिथे आहे, त्या जागी ब्रॅकेट येऊ देऊ नका, अडकतं.

स्क्रू वरच्या लाकडी जँबमध्ये सरळ वर जाऊ दे. विनाइलच्या खिडकीच्या स्वतःच्या चौकटीत भोक पाडायचं नाही. आत पोकळी असते, पाणी वाहून जायच्या वाटा असतात आणि वॉरंटी जाते. जँबऐवजी नुसतं ड्रायवॉल (जिप्समचा पत्रा) असेल तर मागे लाकूड आहे का ते स्टड फाइंडरने तपासा. खिडकीच्या वर सहसा असतं. नसेल तिथे अँकर वापरा, ड्रायवॉलमध्ये नुसता स्क्रू टिकत नाही.

भोकं पाडायच्या आधी लेव्हल धरा. जँब एका बाजूला उतरता असेल तर खालच्या ब्रॅकेटवर सोबत आलेली प्लास्टिकची चकती घाला. हेडरेल तिरकी राहिली तर बिनदोरीची शेड हळूहळू एका बाजूला सरकते, आणि मग लोक शेडला दोष देतात.

हेडरेलची पुढची कड ब्रॅकेटच्या आकड्यात अडकवा, मागची वर दाबा, 'टक्' आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसली नाही. काढताना ब्रॅकेटची जीभ सपाट स्क्रूड्रायव्हरने दाबून हेडरेल पुढे झुकवा. ओढाताण केली की जीभ मोडते आणि सुटी ब्रॅकेट मिळवायला आठवडे जातात.

न्यूजर्सीकर
कडा बंद करण्याबद्दल वर उल्लेख झाला, त्याचे पर्याय:

साइड चॅनल म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावायची यू आकाराची पट्टी. शेडच्या कडा तिच्यात फिरतात. ऊब आणि अंधार दोन्हींसाठी सर्वांत चांगली, पण शेडबरोबरच मागवावी लागते, कारण शेडची रुंदी त्याप्रमाणे कापतात.

दुसरी एल आकाराची चिकट पट्टी, लाइट ब्लॉकर. शेडच्या पुढे चौकटीला चिकटवायची. स्वस्त, नंतरही लावता येते. उजेड छान अडतो, हवा तितकीशी नाही. चिकटवण्याआधी जागा अल्कोहोलने पुसा, नाहीतर उन्हाळ्यात सुटते.

बाहेरून बसवलेली शेड अंधारासाठी चांगली, उबेसाठी मात्र आतल्याइतकी नाही, कारण भिंत आणि कापड यांच्यात इंचभर जागा राहतेच. आणि खिडकीखाली बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी लावलेला) असेल तर बाहेरून मुळीच नको. गरम हवा सरळ शेडच्या मागे जाते आणि काच तापवते. इलेक्ट्रिक बेसबोर्ड असेल तर कापड जवळ येणं धोक्याचंही आहे.

पश्चिमरंग
हीटर फर्नेसचा आहे, पण गरम हवेची जाळी नेमकी लिव्हिंगरूमच्या खिडकीखालच्या जमिनीत आहे.

न्यूजर्सीकर
मग आतच बसवा आणि जाळीवर हवा वळवणारं प्लास्टिकचं झाकण, एअर डिफ्लेक्टर लावा. हवा खोलीत आणि थोडी काचेकडे, अशी दिशा ठेवा. सगळीच खोलीकडे वळवली तर काच गार पडून पाणी वाढतं.

घरटं
वरून उघडणाऱ्या शेडबद्दल (टॉप डाउन बॉटम अप): रस्त्याकडच्या किंवा शेजारी खेटून असलेल्या खिडकीला उत्तम. वरचे दोन फूट उघडे ठेवले की आकाश दिसतं, उजेड छतावर पडून खोलीभर पसरतो आणि बाहेरून आतलं काही दिसत नाही. लाइट फिल्टरिंग कापडातून रात्री दिवा लागला की आतल्या माणसांच्या सावल्या बाहेर दिसतात, हेही लक्षात ठेवा. कपडे बदलण्याच्या खोलीत ते कापड नको.

थंडीच्या रात्री मात्र वरची बाजू पूर्ण बंद करा. तिथून गरम हवा थेट काचेकडे जाते.

यात एक रेल जास्त, दोऱ्या जास्त, म्हणून बिघाडही जास्त. सहा फुटांपेक्षा रुंद खिडकीला एकच मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या.

दोऱ्यांवरून आठवलं: लोंबत्या दोरीची शेड आता इथे नवी मिळत नाही. दुकानातल्या तयार मालाला २०१८ च्या अखेरीस आणि मापाने बनवलेल्यांना १ जून २०२४ पासून सुरक्षिततेचं मानक लागू झालं आहे. जुन्या घरात लोंबत्या दोरीच्या शेड्स असतील आणि लहान मूल असेल तर त्या आधी बदला, बाकी निवड नंतर. दोरीचा फास गळ्यात अडकून मुलं दगावलेली आहेत.

कोथरूडकर
पुण्यात या शेड्स 'हनीकॉम्ब ब्लाइंड्स' म्हणून मिळतात, भाव चौरस फुटावर. पश्चिमेच्या खिडकीला लावाव्यात का?

इंचटेप
तुमची खिडकी तीन ट्रॅकची ॲल्युमिनियमची सरकती असेल तर आधी ट्रॅकच्या पुढे आत किती जागा उरते ते मोजा. पुष्कळ फ्लॅटमध्ये इंचभरही नसते, मग बाहेरून किंवा पेल्मेटमध्ये लावावी लागते.

ऊर्जाभान
आणि वापराचा विचार करा. ही शेड बंद खिडकीसाठी आहे. पुण्यात संध्याकाळी खिडकी उघडतो, वारा येतो, शेड चौकटीवर आपटते आणि खालच्या रेलची टोकं तुटतात. धूळही भरपूर. एसी लावून दुपारभर बंद राहणारी खोली असेल तर उपयोग नक्की आहे, पांढऱ्या पाठीची सिंगल सेल घ्या. एरवी त्याच पैशात खिडकीच्या बाहेरून ऊन अडवा: बाल्कनीत बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, छज्जा. ऊन काचेवर पडण्याआधी अडवलं तर आतल्या कुठल्याही शेडपेक्षा खोली जास्त गार राहते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणाने नळीत बुरशी धरू शकते, आणि टोकं उघडी असल्याने पाली, किडे आत शिरतात. तिथे मी सुचवणार नाही.

पश्चिमरंग
किड्यांचा विषय निघाला म्हणून: सफाई कशी करायची? आणि सरकत्या दाराला काय लावावं?

घरटं
सफाई: दर पंधरवड्याला शेड पूर्ण खाली सोडून मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने, कमी ओढीवर, घडीच्या दिशेने आडवं. उभं ओढलं तर घड्या चपट्या होतात. डाग पडला तर कोमट पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण, पांढरा फडका टिपत टिपत. घासायचं नाही, कापडाला लव येते. ब्लॅकआउटच्या आत पाणी जाऊ देऊ नका, पापुद्रा सुटतो. वाफेचं यंत्र तर कधीच नको, नळ्यांचा चिकटा उष्णतेने ढिला होतो. टबमध्ये बुडवून धुणं उत्पादकाने चालतं म्हटलं असेल तरच, आणि मोटरवाली कधीच नाही.

किडे आत मेलेले दिसले (लाइट फिल्टरिंगमध्ये उन्हात काळे ठिपके दिसतात) तर शेड काढून टेबलावर ठेवा. एका टोकाने हेअर ड्रायरची गार हवा सोडा, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम धरा. किडा कापडावरून चिरडू नका, डाग आतून बसतो.

न्यूजर्सीकर
सरकत्या दाराला उभ्या नळ्यांची, बाजूला सरकणारी सेल्युलर शेड मिळते. गोळा झाल्यावर अगदी थोडी जागा घेते. दार उघडल्यावर जिथून ये-जा होते त्याच्या विरुद्ध बाजूला गठ्ठा जायला हवा, ऑर्डर देताना हे डावं-उजवं नीट बघा. आडव्या नळ्यांची सात फुटी शेड दाराला लावू नका. डेकवर जाता-येता दरवेळी पूर्ण वर घ्यावी लागते, आणि माणसं अर्धीच वर घेऊन वाकून जातात. खालची रेल डोक्याला लागते, दोऱ्या लवकर झिजतात.

स्क्रूड्रायव्हर
बिनदोरीच्या शेडच्या नेहमीच्या तक्रारी एकत्र लिहून ठेवतो, नंतर शोधायला सोपं.

शेड सोडल्यावर आपोआप खाली घसरते: स्प्रिंगचा ताण कमी. पूर्ण खाली, पूर्ण वर असं पाच-सहा वेळा सावकाश करा. नवी शेड बहुतेक वेळा सुधारते. नाही सुधारली तर वॉरंटीत बदलून घ्या, स्प्रिंग उघडू नका.

पूर्ण खाली येत नाही, वर ओढली जाते: शेड हलकी पडते. खालच्या रेलच्या टोकाची टोपी काढून आत वजनाची पट्टी सरकवायची सोय पुष्कळ मॉडेल्समध्ये असते. पट्टी कंपनीकडून मागवा.

खालची रेल तिरकी: आधी हेडरेल लेव्हलमध्ये आहे का ते पाहा. असेल तर शेड पूर्ण वर नेऊन रेलची दोन्ही टोकं हेडरेलला टेकेपर्यंत दाबा, मग मध्ये धरून खाली आणा. रोज एका टोकाला धरून ओढलं तर हे पुन्हा होणार. मधली मूठ त्यासाठीच आहे.

वरच्या नळ्या ताणलेल्या, खालच्या मिटलेल्या: काही अंशी हे होणारच, वरच्या नळ्यांवर सगळ्या कापडाचं वजन येतं. महिनोन्‌महिने पूर्ण खाली ठेवलेल्या शेडमध्ये जास्त दिसतं. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण वर घेऊन काही तास मिटलेली ठेवा.

एका बाजूची दोरी तुटली: दोरी बदलता येते. जुन्या दोरीची जाडी कॅलिपरने मोजा, सहसा ०.९ ते १.४ मिलिमीटर. जाड दोरी कप्पीत अडकते, पातळ लवकर तुटते. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकदमच बदला, नाहीतर ताण सारखा राहत नाही.

मोटरवाली घेणार असाल तर उंच, हात न पोहोचणाऱ्या खिडकीपुरतीच घ्या. चार्जिंगची सोय खालून करता येते का ते बघा. शिडी लावून बॅटरी काढावी लागली तर ती शेड लवकरच बंद पडून राहते. सौर पट्टी काचेला लावायची असेल तर लो-ई काचेमागे तिला ऊन कमी मिळतं, उत्तरेच्या खिडकीत ती पुरणार नाही.

पश्चिमरंग
सर्वांचे मनापासून आभार. आता ठरवलंय ते असं: पश्चिमेच्या दोन बेडरूमच्या खिडक्यांना ब्लॅकआउट, ३/४ इंच सिंगल सेल, साइड चॅनलसह, बाहेरून पांढरी. दांडे आधी बदलणार. दक्षिणेला लाइट फिल्टरिंग, वरून उघडणारी. सिंकवर रोलर. दाराला उभी. काही राहिलं का?

दहाहजारतळी
साइड चॅनल लावताय म्हणजे बेडरूममध्ये काच जास्त गार होणार. आर्द्रतामापक आधी आणा. आणि चॅनलच्या पट्ट्या खाली कट्ट्याला सिलिकॉनने बंद करू नका, साचलेलं पाणी तिथे अडकून बसतं.

इंचटेप
सगळ्या एकदम मागवू नका. बेडरूमची एकच मागवा, बसवा, एक थंडीची आणि एक उन्हाची संध्याकाळ जाऊ द्या, मग बाकीच्या. दोन खिडक्या सारख्या दिसल्या तरी मापं प्रत्येकीची वेगळी घ्या आणि फॉर्मवर खोलीचं नाव लिहा, नाहीतर पेट्या आल्यावर १/८ इंचाच्या फरकाने कोणती कुठली ते कळत नाही.

स्क्रूड्रायव्हर
हेडरेलच्या वरच्या बाजूला ऑर्डर क्रमांकाचा कागद चिकटवलेला असतो. बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. सुटा भाग, वजनाची पट्टी, ब्रॅकेट, काहीही मागवायचं झालं तर कंपनी तोच क्रमांक मागते, आणि शेड लागल्यावर तो छताकडे तोंड करून असतो.